पेटीतली पिल्लं आणि पहिले 28 दिवस

मागच्या एप्रिलमधली गोष्ट. रात्री साडेदहाला मौदा फाट्यावर ट्रॅव्हल्स थांबली. क्लीनरनं डिकी उघडली, भोकं पाडलेली पुठ्ठ्याची पेटी माझ्या हातात दिली, 300 रुपये भाडं घेतलं आणि गाडी भंडाऱ्याकडे निघून गेली.

पेटीत 52 पिल्लं. 50 चे पैसे, दोन वरून. वहिनीनं मोबाइलवर जाहिरात पाहून मागवली होती. "घरबसल्या अंड्यांचा धंदा, सुधारित जात, देशीसारखी अंडी." पिल्लू 40 रुपयाचं. पैसे बचत गटाच्या कर्जातले.

घरी येऊन पेटी उघडली तर सहा मेलेली होती. दिवसभर डिकीत, आणि आपल्याकडचा एप्रिल तुम्हाला माहीतच आहे. वहिनी म्हणाली, "भाऊजी, एवढ्या दुरून आली तरी बाकीची कशी चिवचिव करून राहिली पाहा." तिनं धानाचं तूस पसरून, बल्ब लावून सगळी तयारी करून ठेवली होती.

तिसऱ्या रात्री अवकाळी वादळ आलं, लाइट गेली. पहाटेपर्यंत पिल्लं ऊब शोधत एका कोपऱ्यात एकमेकांवर चढली आणि खालची 11 गुदमरली. आपल्या तालुक्यात 2,320 मेगावॅटचा वीज प्रकल्प आहे, पण वादळात गावातली तार तुटली की 100 वॅटचा बल्ब विझतोच. त्यात त्या प्रकल्पाचा काही दोष नाही.

तिसऱ्या आठवड्यात मानमोडी आली. 14 उरली. मोठी झाल्यावर कळलं की त्यातले नऊ कोंबडे. पिल्लं, भाडं, खाद्य, औषध मिळून खर्च 4,700. कोंबडे विकून आले 3,150. आज पाच कोंबड्या अंडी देतात आणि गटाचा हप्ता वहिनी शिवणकामातून भरते.

दीड हजाराचा तोटा, त्यात काय एवढं, असं कोणी म्हणेल. ज्या घरात महिन्याचा हप्ताच 500 चा आहे, तिथे तीन महिने गेले. आणि हे एकाच घरात झालेलं नाही. माझ्या ओळखीतल्या चार घरांत थोड्याफार फरकानं हीच गोष्ट ऐकली. चारही घरांत शेवटी बोल बाईलाच. "तुला जमलं नाही."

मित्रहो, मला इथेच बोलायचं आहे. तिला जमलं नाही असं नाही. जे काम यंत्र आणि अनुभव असलेल्या माणसानं करायचं, ते तिच्या गळ्यात घातलं गेलं.

पिल्लू पेटीतून येऊ शकतं, कारण 21 व्या दिवशी अंड्यातून निघण्याआधी ते उरलेला पिवळा बलक पोटात ओढून घेतं. त्यावर दोन-तीन दिवस दाणापाण्याविना काढता येतात. याच भरवशावर अमेरिकेत 1918 पासून पिल्लं टपालानं जातात. आपल्याकडे तेच काम ट्रॅव्हल्सची डिकी करते. पण शिदोरी पोटात असली तरी ऊब पोटात नसते. पहिल्या आठवड्यात पिल्लाला साधारण 35 अंश ऊब लागते, मग दर आठवड्याला तीनेक अंश कमी करत न्यायची. खुडूक कोंबडी हे पंखाखाली फुकट करते, तिला लाइट लागत नाही. पेटीतल्या पिल्लांना आई नाही, म्हणून आईचं काम बल्बला.

मग लस. मरेक्सची पहिल्याच दिवशी, हॅचरीतच टोचायची असते. ती टोचली का, हे पेटीवर कुठेच लिहिलेलं नव्हतं. राणीखेत म्हणजे आपली मानमोडी, तिची लासोटा लस पहिल्या आठवड्यात, गंबोरोची दुसऱ्या आठवड्याच्या शेवटी. वहिनी लस आणायला गेली होती, आळस केला नाही. पण कुपी शंभर-दोनशे पक्ष्यांची, बर्फात आणायची, एकदा फोडली की तासा-दोन तासांत संपवायची. हिच्याकडे पिल्लं 35. "नंतर पाहू" म्हणून राहिली, ते राहिलंच.

म्हणजे सगळा धोका पहिल्या चार आठवड्यांत, आणि ते चार आठवडे सगळ्यात कमी साधनं असलेल्या बाईकडे. विकणाऱ्यानं पैसे आधी घेतले, गाडीवाल्यानं भाडं घेतलं. मेलेल्या पिल्लांचा फोटो पाठवला तर उत्तर आलं, "गाडीत दिली तेव्हा जिवंत होती."

काही जण म्हणतील, मग सरकारी योजना घ्या. योजना आहे. 50 टक्के अनुदानावर एक दिवसाची 100 पिल्लं, किंवा 8 ते 10 आठवड्यांच्या 25 तलंगा आणि 3 नर. यातली दुसरी योजना शहाणी आहे, कारण तलंग घरी येते तेव्हा तिचं संकट टळलेलं असतं. पण यादीत नाव लागलं तर. पहिल्या योजनेत मात्र सरकारही तीच एक दिवसाची पिल्लं हाती देतं.

आणखी एक भीती. मार्च 2024 मध्ये नागपूरच्या सरकारी अंडी उबवणी केंद्रातच बर्ड फ्लू निघाला, हजारो पक्षी नष्ट करावे लागले. जिथे डॉक्टर रोज पाहतात तिथे हे होतं. मग कुठल्या हॅचरीतून निघाली हेच माहीत नसलेली पेटी चार जिल्हे ओलांडून येते, तिचं काय? वाहतुकीचे नियम नाहीत असं नाही. 1978 च्या प्राणी वाहतूक नियमांत 2001 साली कोंबड्यांचं वेगळं प्रकरण आलं, त्यात एक दिवसाच्या पिल्लांचाही विचार आहे. पण फाट्यावर रात्री साडेदहाला तो नियम कोण पाहणार?

घरची कोंबडी नको, असं माझं म्हणणं अजिबात नाही. परसातल्या दहा कोंबड्या म्हणजे लेकरांना अंडी आणि अडीनडीला हातात पैसा. मागणी एवढीच:

1. तालुक्यात एक तरी मदर युनिट उभं राहावं, जिथे पिल्लं चार आठवडे वाढवून, लसी देऊन मगच घरोघरी दिली जातील. राष्ट्रीय पशुधन अभियानात ग्रामीण कुक्कुटपालन, हॅचरी, मदर युनिटसाठी 50 टक्के, कमाल 25 लाखांपर्यंत अनुदान आहे. बचत गटांच्या एखाद्या संघानं पुढे यावं, पंचायत समितीनं प्रस्तावाला मदत करावी.

2. पेटीवर हॅचरीचं नाव, पिल्लं निघाल्याची तारीख आणि मरेक्सची नोंद असल्याशिवाय विक्री नको.

3. गावात महिन्यातून दोन ठरलेले लसीचे दिवस. दवंडी द्या, ग्रुपवर टाका. दहा घरं एकत्र आली की कुपी वायाही जात नाही आणि महागही पडत नाही.

महिनाभराचं पिल्लू 40 ला मिळणार नाही, दुप्पट-तिप्पट पडेल, हे मान्य. पण वहिनीच्या हिशोबात जगलेलं एक पिल्लू भाड्यासकट 164 रुपयांना पडलं, खाद्य वेगळंच.

तुमच्या घरी अशी पेटी आली असेल तर कमेंटमध्ये तीनच आकडे लिहा: किती मागवली, किती जिवंत निघाली, महिन्यानं किती उरली. विकणाऱ्याचं नाव नको, भांडण नको. ही यादी घेऊन आपण दहा-बारा जण पंचायत समितीत जाऊ. वहिनी येणार आहे. तिचे आकडे वर दिलेच आहेत: 52, 46, 14.