हातांनाही शिकू द्या

एक वाक्य तुम्ही नक्की ऐकले असेल. एखाद्या मुलाला परीक्षेत कमी गुण मिळाले, की घरातले किंवा शेजारचे कोणीतरी म्हणते, "अभ्यास होत नसेल, तर टाका याला एखाद्या गॅरेजमध्ये!" जणू गॅरेजमध्ये काम करायला बुद्धी लागतच नाही. मी शिक्षक असूनही बरीच वर्षे असेच समजत होतो. माझा हा गैरसमज एका जुन्या मोटारीच्या इंजिनाने दूर केला. ती हकिकत तुम्हांला सांगतो. माझे म्हणणे पटते का, ते शेवटी तुम्हीच ठरवा.

माझ्या मामांकडे १९६२ सालची फोक्सवॅगन बीटल मोटार होती. पुढे ती त्यांनी मला दिली. पाठीमागून पाहिले तर कासवासारखी दिसणारी ही गाडी मूळची जर्मनीची. फर्डिनांड पोर्शे या अभियंत्याने १९३० च्या दशकात, हिटलरच्या राजवटीत, तिचा आराखडा तयार केला. पण सामान्य माणसाच्या हाती ती आली, ती दुसरे महायुद्ध संपल्यावर. युद्धात पडझड झालेला कारखाना १९४५ साली ब्रिटिश सैन्यातील मेजर आयव्हन हर्स्ट यांच्या देखरेखीखाली पुन्हा उभा राहिला. शेवटची गाडी ३० जुलै २००३ रोजी मेक्सिको देशातील प्वेब्ला येथे तयार झाली. तोपर्यंत अशा दोन कोटी पंधरा लाखांहून अधिक गाड्या बनल्या होत्या.

या गाडीचे इंजिन मागच्या बाजूला असते आणि ते हवेने थंड होते. बहुतेक मोटारींत इंजिन थंड ठेवण्यासाठी पाणी व रेडिएटर असतो. बीटलमध्ये दोन्ही नाहीत. तिचे चार सिलिंडर आडवे असतात, दोन उजवीकडे आणि दोन डावीकडे. प्रत्येक सिलिंडरभोवती पातळ कडा असतात. त्यांच्यामुळे हवा लागण्यासाठी जास्त जागा मिळते. तुमच्या मोहल्ल्यातील एखाद्या जुन्या स्कूटरचे किंवा मोटारसायकलचे इंजिन पाहा. तशाच कडा तुम्हांला तेथेही दिसतील. बीटलमध्ये पट्ट्यावर फिरणारा एक पंखा असतो. तो पत्र्याच्या खोळीतून सिलिंडरवर जोराने हवा सोडतो. पट्टा तुटला, तर समोर लाल दिवा लागतो. मग गाडी लगेच थांबवावी लागते, नाहीतर इंजिन तापून खराब होते.

सन २०१२ मध्ये माझ्या गाडीतून ठोके ऐकू येऊ लागले. मी ती एका वयस्कर मिस्त्रींकडे नेली. सगळे त्यांना 'उस्ताद' म्हणत. हा शब्द उर्दूत आहे, तसाच मराठीतही आहे. मोठ्या गवयालाही आपण उस्ताद म्हणतो आणि गॅरेजमधल्या जाणकार मिस्त्रीलाही. उस्तादांनी इंजिन बंद केले, मागची पुली हाताने धरली आणि पुढे-मागे ओढून पाहिली. आतून 'खट्' असा आवाज आला.

"मास्तर, इंजिन उघडावं लागेल. क्रँकचं बेअरिंग गेलंय," ते म्हणाले आणि त्यांनी मजुरीचा आकडा सांगितला.

तो आकडा ऐकून मी म्हणालो, "उस्ताद, नट खोलायचे आणि पुन्हा आवळायचे, एवढ्याचे इतके पैसे?"

बोलून गेल्यावर मला वाईट वाटायला हवे होते. पण वाटले नाही. उस्ताद रागावले नाहीत. त्यांनी फडक्याने हात पुसले आणि म्हणाले, "मग तुम्हीच खोला, मास्तर. अडलं तर या."

मी ते आव्हान समजलो. सुट्टी लागल्यावर दोन मित्रांच्या मदतीने इंजिन गाडीतून खाली उतरवले. ते गिअरबॉक्सला अवघ्या चार बोल्टांनी जोडलेले असते. पण त्याचे वजन सुमारे शंभर किलो असते. म्हणून हे काम एकट्याने कधीही करू नये. पडवीत जुनी सतरंजी अंथरून मी इंजिन उघडू लागलो. प्रत्येक भाग रॉकेलने धुतला, वेगवेगळ्या डब्यांत ठेवला आणि वहीत त्याची नोंद केली. तीन दिवसांत सगळे इंजिन सुटे झाले. मला वाटले, उस्ताद उगाच घाबरवत होते!

खरी परीक्षा जोडताना सुरू झाली. क्रँकशाफ्ट म्हणजे पिस्टनच्या हालचालीमुळे फिरणारा मुख्य दांडा. तो एका कारखान्यात लेथवाल्यांकडून घासून आणला आणि नवी बेअरिंगे घेतली. हा दांडा पुढे-मागे किती हलावा, यालाही माप आहे. ती मोकळीक एका मिलिमीटरच्या सुमारे दहाव्या भागाइतकी ठेवावी लागते. त्यासाठी कागदासारख्या पातळ तीन चकत्या निवडून घालाव्या लागतात. गिअरबॉक्सच्या बाजूच्या जड चाकाचा एकच मोठा नट असतो. तो किती घट्ट आवळायचा? एक मीटर लांब पान्याच्या टोकाला तीस किलो वजन टांगल्यावर जेवढा जोर पडेल, तेवढा. विज्ञानाच्या पुस्तकातला तरफेचा नियम मी वर्गात कितीतरी वेळा सांगितला होता. तो माझ्या दंडांना मात्र त्या दिवशी प्रथमच समजला.

इंजिनाचे कवच दोन भागांचे असते. दोन्ही भाग जुळवून मी सगळे नट आवळले आणि क्रँक फिरवून पाहिला. तो जागचा हलेना. नट थोडे सैल केले, की फिरे. पुन्हा आवळले, की अडके. रात्रीचे अकरा वाजले होते. तेव्हा माझ्या मनात जो विचार आला, तो तुमच्यापासून लपवत नाही. मला वाटले, नट थोडे सैलच ठेवावेत. कवच बंद झाल्यावर आत कोण पाहणार आहे?

रात्रभर मला झोप लागली नाही. सकाळी मी उस्तादांकडे गेलो. माझे बोलणे पुरे होण्याआधीच त्यांनी विचारले, "बेअरिंगची पिन बसलीय का बघितलं?"

प्रत्येक गोल बेअरिंगला एक छोटे भोक असते आणि कवचात तेवढीच छोटी पिन असते. ती पिन त्या भोकात बसली पाहिजे. घरी येऊन मी कवच पुन्हा उघडले. एका बेअरिंगची पिन भोकात नव्हती. माझ्या जोरामुळे नव्या बेअरिंगला खड्डा पडला होता. ते बेअरिंग वाया गेले. दुसरे यायला तीन आठवडे लागले. नट सैल ठेवून मी गाडी चालवली असती, तर सगळेच इंजिन वाया गेले असते.

मी रात्रीचा तो विचारही उस्तादांना सांगितला. ते हसले आणि म्हणाले, "आत कोण बघतंय? इंजिन बघतं, मास्तर."

पुढेही माझ्या चुका झाल्याच. सिलिंडरखालचे गंजलेले पत्रे मला निरुपयोगी वाटले. ते न बसवण्याचा माझा बेत होता. पण उस्तादांनी समजावले, की पंख्याची हवा हे पत्रेच सिलिंडरभोवती वळवतात. ते नसतील, तर हवा भलतीकडे निघून जाते आणि इंजिन तापते. शेवटी इंजिन सुरू झाले, तेव्हा मी आनंदाने ओरडलो. दुसऱ्या दिवशी पडवीत तेलाचे डाग दिसले. दोन नळ्यांची रबरी सीले नीट बसली नव्हती. एका बाजूचे हेड पुन्हा खोलावे लागले. एकूण चार महिने गेले. खर्चाची बेरीज केली, तर ती उस्तादांनी सांगितलेल्या आकड्यापेक्षा जास्त झाली! ती वही घेऊन मी त्यांच्याकडे गेलो आणि त्यांची माफी मागितली.

आता तुम्ही विचाराल, "मग या खटाटोपाचा फायदा काय? पैसे वाचले नाहीत, वेळ गेला." तुमचा प्रश्न योग्य आहे. काम चांगले आणि लवकर व्हायला हवे असेल, तर ते जाणत्या कारागिराकडेच द्यावे. पण कारागिराची किंमत कळायची असेल, तर त्याचे काम एकदा तरी स्वतःच्या हातांनी करून पाहावे. पुस्तक वाचून मला इंजिनाची माहिती मिळाली असती. उस्तादांच्या हातांतली माहिती किती मोठी आहे, हे मात्र कळले नसते.

कोणी म्हणेल, "आता गाड्यांत संगणक आले. विजेवर चालणाऱ्या मोटारींत असे इंजिनच नसते. जुने इंजिन शिकून काय उपयोग?" यंत्रे बदलतात, हे खरे आहे. पण सुटे भाग नीट ठेवणे, माप घेतल्याशिवाय पुढे न जाणे, जोर लावण्यापूर्वी विचार करणे आणि झाकलेले कामही खरे करणे, या सवयी कोणत्याही यंत्राला लागतात. डॉक्टरला लागतात, शिंप्याला लागतात आणि हिशेब लिहिणाऱ्यालाही लागतात.

१९६९ साली जॉन म्युअर या अमेरिकन अभियंत्याने याच गाडीच्या दुरुस्तीवर एक पुस्तक लिहिले. ज्याने कधी पानाही हातात धरलेला नाही, अशा माणसालाही समजावे, अशा सोप्या भाषेत ते आहे. त्याच्या अनेक आवृत्त्या निघाल्या. एवढा शिकलेला माणूस तेलाने काळ्या झालेल्या हातांची लाज बाळगत नाही. मग आपण का बाळगावी?

शाळा सोडून गॅरेजमध्ये जा, असे मी मुळीच म्हणत नाही. उलट, गॅरेजमध्ये राबणाऱ्या मुलालाही शाळा मिळालीच पाहिजे. मिलिमीटरचा दहावा भाग मोजायला दशांश अपूर्णांक यावे लागतात आणि नट किती आवळायचा, हे समजायला तरफ समजावी लागते. माझे म्हणणे एवढेच आहे, की त्या मुलाच्या हातात पुस्तक हवे आणि तुमच्या हातात कधीतरी पाना हवा. मुलींच्याही हातात हवा. मुलगा आणि मुलगी असा भेद पाना करत नाही.

सुरुवात लहान वस्तूपासून करा. सायकलचे चाक खोला, एखादे बंद पडलेले घड्याळ उघडा. आधी मोठ्यांना विचारा. घरातल्या विजेच्या तारांना आणि पेट्रोलला एकट्याने हात लावू नका. प्रत्येक भाग कोठून काढला, ते वहीत लिहा. चूक झाली, तर ती झाकू नका, पुन्हा उघडा.

माझी गाडी आजही चालते. पावसाळ्यात कधी कुरकुरते. मग मी तिला घेऊन उस्तादांच्या गॅरेजात जातो. ते आता थकले आहेत. त्यांचा शागिर्द काम करतो आणि ते खुर्चीवर बसून पाहतात. मजुरीचा आकडा मी पुन्हा कधी विचारला नाही. ते सांगतील तेवढी देतो.

आणि आता कोणी माझ्यासमोर म्हणाले, "अभ्यास होत नाही, टाका याला गॅरेजमध्ये," तर मी त्यांना एकच विचारतो, "तुम्ही कधी एखादे इंजिन उघडून पुन्हा जोडले आहे का?" पुढच्या वेळी हा प्रश्न तुम्हीही विचारून पाहा.