जोतिबाच्या डोंगरावर दिवसाउजेडी भोजन

कोल्हापूरच्या वायव्येस सुमारे १८ किलोमीटरवर वाडी रत्नागिरी, म्हणजेच जोतिबाचा डोंगर. रविवार हा देवाचा वार; त्या दिवशी दर्शनाची रांग लांबते आणि रात्रिभोजनत्याग पाळणाऱ्या कुटुंबाचा हिशेब पैशांपेक्षा सूर्यास्ताशी जुळवावा लागतो. रांगेतच दिवस कलला, तर वडीलधाऱ्यांना उपाशी डोंगर उतरावा लागतो. पावसाळ्यात धुके दाटले, की सूर्य घड्याळातच पाहावा!

स्वस्त भोजन येथे दुर्मीळ नाही. झुणका-भाकरी, ठेचा, दही यांवर माफक खर्चात पोट भरते. अडचण आहे ती फोडणीची. झुणक्यात कांदा आणि ठेच्यात लसूण कोल्हापूरकडे गृहीतच असतात. ‘जैन जेवण’ एवढे म्हणून भागत नाही. कांदा, लसूण, बटाटा, आले अशी नावे घेऊन, कढई चुलीवर चढण्यापूर्वीच सांगावे. अनेक भाविक गुरवांच्या घरी उतरतात. तेथे आदल्या दिवशी कळविल्यास वेगळ्या वरणभाताची विनंती तरी करता येते.

चैत्र पौर्णिमेच्या यात्रेत गायमुख येथे सहजसेवा ट्रस्टचे मोफत अन्नछत्र चालते. सेवा मोठी, परंतु सहस्रावधी यात्रेकरूंच्या पंगतीत आपले नियम कोणास सांगणार? यात्रेत दशम्या आणि खाकरे घरूनच न्यावेत, तेही घट्ट झाकणाच्या डब्यात, कारण गुलाल सर्वत्र उधळलेला असतो. पुरवणीस खोबरे, खजूर, चिरमुरे आहेतच.

त्याच दिवशी कुंभोजच्या बाहुबलीस जावयाचे असल्यास जोतिबा सकाळी उरकावा; सायंकाळचे भोजन तेथील भोजनशाळेत, दिवस मावळण्यापूर्वी होऊ शकते.