किती फूट उडेल, किती गुंठ्यांत?

विज्ञान प्रदर्शनांचे दिवस जवळ आले की शाळेत कॅटलॉगांचा ढीग पडतो. सही आपली, पैसा शाळेचा. ‘एका डब्यात १०१ प्रयोग’ असे छापलेले असते. १०१ मोजत कोण बसतो? म्हणून बोदवड परिसरातल्या विज्ञानशिक्षकांना यंदा वेगळ्याच मालाचा कॅटलॉग चाळायला सांगावेसे वाटते: अमेरिकेतल्या हौशी मॉडेल रॉकेटचा. विकत घ्यायला नव्हे, वाचायला.

या धंद्यात व्हर्न एस्टेस हे नाव मोठे. छोटी इंजिने धडाधड तयार करणारे यंत्र त्यांनी १९५८ च्या सुमारास उभे केले. त्याआधी पोरे घरीच दारू कालवत आणि हात भाजून घेत. तयार इंजिन वेगळे मिळू लागल्यावर किटमध्ये उरली पुठ्ठ्याची नळी, पंख, नाक आणि पॅराशूट. ती खपवायची उंचीच्या आकड्यावर. ‘अल्फा ३’ या नवशिक्यांच्या किटपुढे सुमारे ११०० फूट लिहिलेले असते. ही उंची सुचवलेल्यांपैकी सगळ्यात दांडग्या इंजिनाची. पहिल्या उड्डाणासाठी मात्र ए८-३ सुचवतात, आणि त्यावर रॉकेट निम्म्यापर्यंतही जात नाही.

तरी या कॅटलॉगचे मला कौतुक आहे, ते इंजिनावरच्या खुणेसाठी. सी६-५ घ्या. सी म्हणजे एकूण आवेग ५ ते १० न्यूटन-सेकंद; पुढच्या अक्षराला मर्यादा दुप्पट. ६ हा न्यूटनमधला सरासरी रेटा. ५ म्हणजे इंधन संपल्यापासून पॅराशूट बाहेर फेकले जाईपर्यंतचे सेकंद. एवढ्यावर विक्रेत्याची उंची पटते का, हे हुशार पोरगा वहीत ताडून पाहू शकतो. आपल्याकडच्या किती किटांबद्दल असे म्हणता येईल?

किटच्या जाहिरातीत जागेचा विषय मागे पडतो. तिथल्या राष्ट्रीय संघटनेच्या सुरक्षा नियमांत ए इंजिनासाठी मैदानाची बाजू किमान १०० फूट, बीसाठी २००, सीसाठी ४०० आहे. आपल्या हिशेबाने सुमारे नऊ गुंठे, जवळपास एकर आणि साडेतीन एकरांहून जास्त. त्यात वाळकी पऱ्हाटी उभी असेल तर ते रान बादच.

शिवाय इंजिन बारुदीचे, म्हणजे आपल्याकडे १८८४ च्या स्फोटके कायद्याचा विषय. नुसते किट आणले तर ते कपाटातच राहणार. आणि फटाक्यातली दारू काढून नळीत भरण्याची टूम कुठल्याही वर्गात निघाली, तर ती तिथेच मोडून काढा.

पाण्याचे रॉकेट मात्र करता येते: शीतपेयाची बाटली, तिसरा हिस्सा पाणी, सायकलचा पंप, आणि पोरे चार हात लांब. प्रदर्शनातल्या तक्त्यावर ‘खूप उंच उडते’ असे लिहू देऊ नका. पाणी किती, दाब किती, वारा कसा होता, किती वेळा उडवले आणि दर वेळी किती गेले, तेही फसलेल्या उड्डाणांसकट, मुलांनी लिहावे. पुरवठादारालाही हेच विचारा: डब्यात काय नाही, कोणत्या इयत्तेचे मूल एकट्याने जोडेल, छापलेला आकडा कोणत्या परिस्थितीतला? उत्तर आले नाही तर यादीतली ती ओळ खोडा.