आधी भरा, मग भांडा

घरपट्टी अवाच्या सवा लागली असे वाटणाऱ्या घरमालकाला दाद मागता येते. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या ४०६व्या कलमात तशी तरतूद आहे आणि तिच्या अटीही तिथेच आहेत. आधी आयुक्तांकडे तक्रार करून तिचा निकाल लागलेला हवा. मग १५ दिवसांत न्यायालयात अपील गेले पाहिजे. शिवाय ज्या रकमेवरून भांडण आहे तीच रक्कम, अपील दाखल करण्याच्या तारखेपर्यंतची, महापालिकेच्या खात्यात जमा केलेली हवी. मुंबईचा कायदा वेगळा, १८८८चा. तिथे अपील लघुवाद न्यायालयात चालते.

पैसे आधी भरण्याची ही अट जुनी आहे आणि न्यायालयात टिकलेलीही आहे. हाच १९४९चा मूळ मुंबई प्रांतिक कायदा गुजरातेतही लागू होता. अहमदाबादच्या गिरण्यांनी तिथल्या अटीला आव्हान दिले, तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने १९७५ साली ‘अनंत मिल्स’ खटल्यात तिला वैध ठरवले. अपिलाचा हक्क कायद्याने दिलेला आहे, तेव्हा कायदा त्याला अटीही घालू शकतो, असा तो विचार. निदान गुजरातच्या तरतुदीत, अर्जदार खरोखर अडचणीत असेल तर रकमेपैकी २५ टक्क्यांपर्यंत सूट देण्याची मुभा न्यायाधीशाला होती. अटीमागचा व्यवहार आम्हाला समजतो. जकात गेली, स्थानिक संस्था कर (एलबीटी) गेला. आता घरपट्टीही अपिलांत अडकून पडली तर रस्ते झाडणाऱ्यांचा पगार कुठून द्यायचा? तेव्हा आधी भरा, हे एक वेळ मान्य. पण कशाचे भरतो आहोत, एवढे तरी कळावे!

आमचे भांडण तिथे आहे. बिल उघडून पाहा. सर्वसाधारण कर, सफाई कर, अग्निशमन कर, वृक्ष कर, शिक्षण कर अशी रकान्यांची रांग लागलेली असते आणि प्रत्येकापुढे पैशापर्यंतचा आकडा असतो. हे सगळे आकडे ज्या एका आकड्यावरून निघतात, ते करयोग्य मूल्य कसे काढले, हे मात्र बहुतेक ठिकाणी बिलावर नसते. वास्तविक हिशेब चौथीच्या मुलाला जमेल असा आहे. समजा, घर ६०० चौरस फुटांचे आणि महिन्याचा दर फुटाला २ रुपये. वर्षाचे भाडेमूल्य १४,४०० रुपये, दुरुस्तीपोटी १० टक्के वजा, राहिले १२,९६०. आता कोणीतरी नोंदवहीत बिल्डरच्या माहितीपत्रकातला ७५०चा आकडा चढवला, तर तेच मूल्य १६,२०० होते. चूक एका खान्यातली, पण बिल दर वर्षी सव्वापट! जुनी इमारत नवी म्हणून नोंदली गेली किंवा राहत्या घराच्या पुढच्या खोलीत शिकवण्या चालतात म्हणून सगळेच घर बिगरनिवासी लागले, तरी होते ते असेच. आणि बिलावर क्षेत्रफळ, दर, वय, वापर यांतले काहीच दिसत नसल्यामुळे घरमालक हरकतीच्या अर्जात लिहितो, ‘कर फार आहे, कमी करावा.’

अशा अर्जाचे काय व्हायचे ते ठरलेले. सुनावणीला एकामागून एक माणसे बसवलेली असतात. टेबलाच्या पलीकडे आकारणी करणाऱ्या खात्याचाच अधिकारी, अलीकडे हातात इंडेक्स टू, भोगवटा पत्र आणि वीजबिल धरलेला पेन्शनर. ‘फार आहे’ म्हणजे किती, हे त्याला सांगता येत नाही. ‘नियमाप्रमाणे आहे’ हे साहेबांना सांगता येते. सुनावणी झाली.

पुण्याचे उदाहरण तर नागरिकांना तोंडपाठ आहे. स्वतः राहत असलेल्या घराला १९७०पासून भाडेमूल्यात ४० टक्के सवलत होती. लेखापरीक्षणात आक्षेप निघाला, सरकारने ती रद्द केली आणि २०१९पासून वाढीव बिले घरोघरी आली. २०२३ साली, कसब्याची पोटनिवडणूक होऊन गेल्यावर, सवलत परत मिळाली. (तो निव्वळ योगायोग असेल, असे मानायला आमची हरकत नाही.) पण ती आपोआप नव्हे! ज्यांची गेली होती त्यांनी पीटी-३ अर्ज भरून आपल्या घरात आपणच राहतो, हे रेशन कार्ड, गॅसचे कार्ड आणि सोसायटीचे पत्र जोडून सिद्ध करायचे. जादा भरलेले पैसे पुढच्या बिलांतून हप्त्याहप्त्याने वळते होणार. नागरिकाचे थकले तर दरमहा २ टक्के शास्ती.

आणि चूक नेहमी नोंदवहीतच असते असेही नाही, कधी ती नियमातच असते. मुंबईत २०१०पासून भांडवली मूल्यावर कर आला. जमिनीवर पुढे कधी तरी किती चटईक्षेत्र बांधता येईल तेही नियमांनी हिशेबात धरले. उच्च न्यायालयाने २०१९ साली ते नियम रद्द ठरवले, सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२२मध्ये त्यावर शिक्कामोर्तब केले. हा लढा मालमत्ताधारकांच्या संघटना आणि बिल्डर लढले. एकट्या फ्लॅटवाल्याच्या खिशाला तो पेलणारा नव्हता.

कायदा बदलायला विधिमंडळ लागते, पण बिलाचा नमुना बदलायला लागत नाही. क्षेत्रफळ, दर, बांधकामाचे वर्ष, वापर आणि दिलेली सूट, एवढ्या ओळी प्रत्येक आयुक्ताला उद्यापासून छापता येतील. चुकीचे क्षेत्रफळ लागलेला माणूस मग कोर्टाची पायरी चढण्याआधी महापालिकेच्या पेठ निरीक्षकाकडे टेप घेऊन जाईल. तोवर ज्यांच्या हाती नोटीस पडली आहे त्यांनी मोघम अर्ज करण्याआधी आकारणी नोंदवहीचा उतारा मागावा, घर स्वतः मोजावे, हरकत मुदतीच्या आत देऊन पोच घ्यावी आणि पैसे भरताना ‘हरकत राखून भरणा’ असे लेखी द्यावे.