फाइलवाल्या आया
शाल-श्रीफळ हा प्रकार मला सोसत नाही, हे सदराच्या वाचकांना पाठ झालंय. तरी या आठवड्यात एका शाळेच्या ‘आदर्श माता’ सत्काराला गेलो, कारण सत्कारमूर्तींत आमच्या खालच्या मजल्यावरच्या वहिनी होत्या. मुलगा पाचवीत. एडीएचडी, आणि जोडीला गर्दीची, आवाजाची भयंकर भीती. निवेदिकेने वहिनींना ‘त्यागमूर्ती’ म्हणून टाकलं. मुलगा मात्र सभागृहात नव्हता. ‘कार्यक्रमात गडबड करेल, आणू नका,’ असं शाळेनेच कळवलं होतं.

परतताना रिक्षात वहिनी म्हणाल्या, “भाऊजी, शाल कुणी मागितली होती? परीक्षेला थोडा जादा वेळ आणि दारापासून लांबचा बाक, एवढंच मागतेय जूनपासून.”

कायद्याचं सांगायचं तर, 1995 च्या अपंग कायद्यात सात प्रकार होते. त्यात स्वमग्नता नव्हती. दिल्लीत मेरी बरुआंसारख्या स्वमग्न मुलांच्या आयांनी विषय लावून धरला, 1999 च्या राष्ट्रीय न्यास कायद्यात ती आली आणि 2016 च्या कायद्यात प्रकार एकवीस झाले. अध्ययन अक्षमता आली; मानसिक आजार तर 1995 पासूनच होता. एडीएचडीचं वेगळं नाव या एकवीसमध्ये नाही. त्यामुळे वहिनींचा मुलगा नेमका कुठल्या खिडकीवरचा, हे ज्याला त्याला पहिल्यापासून समजावावं लागतं.

म्हणून ती फाइल. सत्कारालाही पर्समध्ये दुमडून आणलेली! डॉक्टरांची पत्रं, चाचण्यांचे अहवाल, शाळेला दिलेले अर्ज. अशा फाइलवाल्या आयांचा एक गट आमच्याकडे रविवारी कुणाच्या तरी हॉलमध्ये जमतो. मी एकदा कोपऱ्यात बसून ऐकलं. मला वाटलं होतं, रडारड असेल. नवी आलेली बाई रडली खरी. पण पाण्याचा ग्लास हातात देता देता बाकीच्यांनी सुरू केलं : तोंडी नकार घ्यायचा नाही. ‘बघू’ म्हणाले तर ‘बघू’ लेखी मागायचं. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर पोच घ्यायची, शिक्का आणि तारखेसकट. मुख्याध्यापकांकडे एकटीने जायचं नाही, दोघींनी जायचं. एक बोलेल, दुसरी लिहून घेईल. कुठल्या सरकारी दवाखान्यात कुठल्या वारी अपंगत्वाच्या दाखल्याचा बोर्ड बसतो, हे त्यांना तिथल्या चौकशी खिडकीपेक्षा जास्त माहीत. हे सगळं मुलाच्या आईने शिकायचं, तेही रात्री, डबे घासून झाल्यावर. शिक्षण खात्याचा पगार दुसऱ्याला, काम हिला.

आता मला एक सांगा, बाप कुठे असतात?

मी सांगतो. खाली, स्कूटरजवळ. त्या रविवारी चौघे होते. एक फोनवर, एक सिगारेट विझवताना, दोघे क्रिकेटवर. “वर या की,” म्हटलं तर एक जण म्हणाला, “तिलाच सगळं माहीत असतं हो.” असणारच! तिला तरी जन्मतः कुठे माहीत होतं? यांच्यातला एक बँकेत कर्जाचे कागद तपासतो, दुसरा वकिलाकडे टायपिंग करतो. एरवी सोसायटीच्या पार्किंगवरून हेच लोक निबंधकापर्यंत जातात. माहितीच्या अधिकाराचा अर्ज दहा रुपयांत होतो, तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं, हे त्यांना तोंडपाठ; फक्त ते पार्किंगच्या कामी आलंय. घरी पोराने पुस्तक भिरकावलं की मात्र ‘तूच लाडावून ठेवलंयस’ म्हणायला हजर. आणि सासरेबुवा? ‘आमच्या वेळी दोन थोबाडीत दिल्या की बसायची पोरं.’ ती बसलेली पोरं म्हणजेच हे स्कूटरजवळचे.

सगळेच तसे नाहीत. वहिनींचे यजमान गेल्या रविवारी पहिल्यांदा वर आले. चपलांपाशीच बसले. बराच वेळ गप्प, मग खिशात हात घालून विचारलं, “चहाचे किती द्यायचे?”

गटातल्या एका आजींनी कागदांचा गठ्ठा त्यांच्या मांडीवर टाकला. “चहाचं राहू द्या. हे आधी तारखेप्रमाणे लावा.”