चर्चच्या हॉलमधली खुर्ची

सिडनीच्या पेंडल हिलमधून गाडी काढली की थोड्याच वेळात रायडलमेअर येतं. तिथल्या वेस्टर्न सिडनी युनिव्हर्सिटीच्या आवारात पूर्वी मनोरुग्णालय होतं. १९४०च्या दशकात डॉ. सिल्व्हेस्टर मिनोग तिथे वैद्यकीय अधीक्षक होते. दारूचे रुग्ण दाखल व्हायचे, शुद्धीवर यायचे, घरी जायचे आणि परत यायचे. अमेरिकेत ‘अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस’ (एए) नावाचं काही सुरू झालंय असं कळल्यावर या डॉक्टरने न्यूयॉर्कला पत्र लिहिलं. मनोरुग्णांना आधी दाखल करायच्या डार्लिंगहर्स्टच्या ‘रिसेप्शन हाऊस’मधले परिचारक आर्ची मॅककिनन आणि निराधार मुलांसाठी १९३९ साली ‘बॉइज टाउन’ काढणारे फादर टॉम डनली त्यांना येऊन मिळाले. १९४५ साली सिडनीत ऑस्ट्रेलियातला पहिला एए गट उभा राहिला. एक डॉक्टर, एक परिचारक, एक धर्मगुरू आणि दारू सोडू पाहणारी काही माणसं, एवढ्यावर.

हा इतिहास आपल्या घराजवळचा आहे म्हणून सांगतोय असं नाही. आज आपल्या मराठी घरांत जे चाललंय, त्याला तो थेट लागू पडतो.

मंडळाच्या कार्यक्रमाला एखादी वहिनी मुलांना घेऊन एकटीच येते. “ह्यांना जरा बरं नाही,” म्हणते. काय बरं नाही ते बसलेल्यांपैकी निम्म्यांना ठाऊक असतं. कुणी विचारत नाही. विचारणं म्हणजे तिची अब्रू काढणं, असं आपल्याला वाटतं. मग ती घरी जाते आणि पुढच्या शनिवारपर्यंत पुन्हा एकटी. इथे सासू-सासरे नाहीत, दीर नाही, रात्री अकराला दार वाजवावं असं शेजारचं घर नाही. गावाकडे निदान भांडायला तरी चार माणसं असतात.

चर्चने व्यसनाच्या बाबतीत काय केलं, तर या एकटेपणावर काम केलं. एएचे संस्थापक बिल विल्सन आणि डॉ. बॉब स्मिथ यांची १९३५ साली ओहायोतल्या ॲक्रन गावात गाठ पडली, तेव्हा दोघेही ‘ऑक्सफर्ड ग्रुप’ या ख्रिस्ती चळवळीत येत-जात होते. आपली चूक दुसऱ्या माणसासमोर मोकळेपणाने बोलायची, ज्याचं नुकसान केलं त्याची भरपाई करायची, मग आपल्यासारख्याच दुसऱ्याला हात द्यायचा, या रीती त्यांनी तिथून उचलल्या. पुढे एए चर्चपासून स्वतंत्र झाली. देव कुणाचा, कसा, हे ज्याचं त्याने ठरवावं असं तिने मान्य केलं. पण बैठका मात्र कितीतरी ठिकाणी चर्चच्याच हॉलमध्ये भरत राहिल्या, आजही भरतात. भाडं जुजबी, चहा-बिस्किटं, अर्धगोलात मांडलेल्या खुर्च्या. तिथे आलेला माणूस आपलं पहिलं नाव सांगतो, मी दारुडा आहे म्हणतो, आणि कुणी दचकत नाही. पुढच्या आठवड्यात तो आला नाही तर कुणीतरी फोन करतं. मला यातलं सगळ्यात मोलाचं काय वाटतं, तर हा फोन. औषधाने शरीर सावरतं; आपण न दिसल्याने कुणाला तरी चुकल्यासारखं होतं, हे औषधात मिळत नाही.

हे नुसतं भाबडं बोलणं नाही. २०२० साली वैद्यकीय पुरावे तपासणाऱ्या कोक्रेन या संस्थेने २७ अभ्यास आणि दहा हजारांहून अधिक माणसांची माहिती एकत्र तपासली. पूर्णपणे दारूमुक्त राहण्याच्या बाबतीत एए आणि तिच्या वाटेने नेणारे उपचार इतर प्रस्थापित उपचारांपेक्षा सरस ठरले.

“पण आम्ही चर्चमध्ये कसे जाणार?” हा प्रश्न मी पुष्कळदा ऐकतो. विचारणाऱ्यांना मी फादर ज्यो परेरांचं नाव सांगतो. मुंबईचे हे कॅथलिक धर्मगुरू स्वतः दारूच्या व्यसनातून बाहेर पडले आणि १९८१ साली वांद्र्याच्या माउंट कार्मेल चर्चमध्ये त्यांनी ‘कृपा फाउंडेशन’ सुरू केलं. ते पुण्याचे योगगुरू बी. के. एस. अय्यंगार यांचे शिष्य. एएच्या व्यसनमुक्तीच्या बारा पायऱ्यांना त्यांनी योगासनांची जोड दिली. वसईतही कृपाचं केंद्र आहे. तिथल्या मराठी बोलणाऱ्या ख्रिस्ती घरांपासून हिंदू-मुसलमानांपर्यंत सगळे तिथे येतात. चर्चच्या छपराखाली आसनं होत असतील, तर चर्चच्या हॉलमध्ये कुलकर्णी आणि जाधव बसले म्हणून कुणाचा धर्म बुडत नाही.

चर्चचं सगळंच गोड आहे असं मी म्हणणार नाही. दारू म्हणजे पाप असं बजावून माणसाला आणखी खचवणारी प्रवचनंही त्याच इमारतींत झाली आहेत. १९९९ साली सिडनीत ‘सिस्टर्स ऑफ चॅरिटी’ या कॅथलिक जोगिणी अमली पदार्थ घेणाऱ्यांसाठी देखरेखीखालचं इंजेक्शन केंद्र चालवायला तयार झाल्या होत्या. व्हॅटिकनने त्यांना माघार घ्यायला लावली. मग युनायटिंग चर्च पुढे आलं आणि मे २००१मध्ये किंग्ज क्रॉसला ते केंद्र उघडलं. ओव्हरडोसने तिथे आजवर एकही माणूस दगावलेला नाही. श्रद्धा तीच, ग्रंथही तोच. एकाने नियम सांभाळला, दुसऱ्याने समोरचा माणूस. मी दुसऱ्याच्या बाजूने आहे, आणि हे निःसंकोच सांगतो.

आणखी एक. रोज भरपूर पिणाऱ्याने घरच्यांच्या आग्रहाखातर एका रात्रीत दारू बंद करू नये. झटके येतात, भ्रम होतो, जीवही जाऊ शकतो. आधी जीपीकडे जायचं, बैठक त्यानंतर.

आता आपल्या मंडळांकडे माझी मागणी. गणपतीला, दिवाळीला, नाटकाला आपण हॉल घेतोच. महिन्यातून एका दुपारी अशा बैठकीसाठी छोटी खोली घ्या. फलक नको, फोटो नकोत, व्हॉट्सॲपवर कोण आलं त्याची चर्चा नको. सुरुवात बायकांपासून करा. पुण्याच्या ‘मुक्तांगण’ व्यसनमुक्ती केंद्रात व्यसनी माणसांच्या पत्नींसाठी ‘सहचरी’ गट चालतो. घरच्यांसाठीची ‘ॲल-अनॉन’ १९५१पासून आहे आणि तिच्या बैठका सिडनीतही होतात. दोन्हींकडून शिकता येईल. खोली मिळेपर्यंत ज्या वहिनीचे “हे” कार्यक्रमाला आले नाहीत, तिला दुसऱ्या दिवशी एक फोन करा, आणि ती काय सांगते ते मधे न बोलता ऐकून घ्या.