डिस्कच्या नावावर जाऊ नका!

गेल्या शनिवारी मशीनमध्ये नवी हार्ड डिस्क बसवली. बाबांच्या फोटोंचा बॅकअप घ्यायचा होता. लिनक्स एनव्हीएमई एसएसडीवर, फोटोंची जुनी डिस्क 'एसडीए'. ती मी लागेल तेव्हाच माउंट करतो. मग नवी अर्थातच 'एसडीबी', नाही का? फॉरमॅटची कमांड टाइप केली, एंटर दाबणार तेवढ्यात म्हटलं, 'एलएसबीएलके' चालवून साइझ तरी बघू. बघतो तर काय, 'एसडीबी' म्हणजे फोटोंचीच डिस्क! घामच फुटला राव.

यात लिनक्सची चूक नाही. कर्नलला डिस्क ज्या क्रमाने सापडतात, त्या क्रमाने ही अक्षरं मिळतात. जनरल डब्यातली सीटच ती, आधी येईल त्याची! पोर्ट बदलला, कधी नुसतं रीबूट केलं, तरी क्रम बदलू शकतो.

म्हणून माझं स्पष्ट मत: 'एफएसटॅब'मध्ये ही नावं लिहूच नयेत. 'बीएलकेआयडी' यूयूआयडी दाखवतं, तो लिहा; पुन्हा फॉरमॅट करेपर्यंत तो तसाच राहतो. जादा डिस्कपुढे 'नोफेल' टाका, म्हणजे ती सापडली नाही तरी बूट अडणार नाही. डिस्क दिसतच नसेल तर आधी बायोसमध्ये बघा. तिथेही नसेल तर केबल तपासा. आणि फॉरमॅट करण्याआधी सिरियल नंबर डिस्कवरच्या लेबलशी ताडून बघाच. दोन मिनिटांचं काम आहे.

असो. बॅकअप झाला एकदाचा. तुमचा आहे ना?